मदत हवी आहे: बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता, त्याबद्दल मराठीत कुठे काही सापडेल?

मंडळी, आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यात साठच्या दशकातलं रॉक आणि भारतीय अध्यात्म यावर बोलायचं आहे. ऋषिकेशचं प्रकरण (फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स हा इंग्लिश रॉक बँड महर्षी महेश योगींकडे ध्यान शिकायला गेला ते) सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते दोन वाक्यांत उरकणार. मला मुंबईत जास्त रस आहे. १९६६ च्या सप्टेंबरात जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला आणि ताजमध्ये उतरला. जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा येऊन त्याने एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक' या चित्रपट-संगीताच्या अल्बमचा काही भाग ध्वनिमुद्रित केला. त्याच सत्रांत 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची साथही वाजवून घेतली. गंमत म्हणजे वाद्यं सगळी आपली, पण शब्द ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथावर बेतलेले! हिप्पींना पूर्व म्हणजे सगळं एकच वाटत असावं, असं माझं मत. पटत नसेल तर जरूर भांडा.

दुसरी बाजू रविशंकरांची. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात १९६७ मध्ये तबलावादक अल्लारखाँसोबत ते तासन् तास वाजवत राहिले, लोकांनी डोक्यावर घेतलं. पण आपलं संगीत नशापाण्याशी जोडलं गेल्याची चीड त्यांनी पुढे उघड बोलून दाखवली.

त्या काळच्या मराठी मासिकांत, दिवाळी अंकांत यावर काही छापून आलं होतं का? कुणाच्या घरी त्या सत्रांतल्या वादकांच्या आठवणी सांगणारं कुणी आहे का? अंकाचं नाव आणि साल मिळालं तरी पुरे, ग्रंथालयात मी शोधेन.