पुनरुत्थान काळातील वाचने: पहिल्या मंडळीचे चित्र आपल्या धर्मग्रामात कसे वाचावे?

प्रश्न – वडगाव शेरीतील एक वाचक

सर्वांना पुनरुत्थान सणाच्या शुभेच्छा. आमच्या भागातील काही मराठी भाषिक कॅथलिक कुटुंबे दर आठवड्याला कोणा एकाच्या घरी जमतात, येत्या रविवारची तिन्ही वाचने मोठ्याने वाचतात आणि त्यांवर चर्चा करतात. उपवासकाळात घरात बसायला जागा पुरत नाही. ईस्टर झाला की मात्र शाळांना सुट्ट्या लागतात, बरीच कुटुंबे श्रीरामपूर, राहुरी किंवा संगमनेरकडे आपापल्या गावी जातात, आणि उरलेल्यांपैकी कोणीतरी सुचवते की आता जूनमध्येच भेटू. चाळीस दिवस प्रायश्चित्त मनापासून करायचे आणि ज्या आनंदासाठी ते केले तो एका दुपारच्या जेवणात आटोपायचा, हे मला पटत नाही. म्हणून या वर्षी पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत (२४ मे २०२६), गट चालू ठेवावा असा माझा आग्रह आहे.

अडचण वाचनांतच आली. पुनरुत्थान काळाच्या दुसऱ्या रविवारी, १२ एप्रिलला, नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातील उतारा होता: श्रद्धावंत प्रेषितांच्या शिकवणीत, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत, सर्व काही समाईक मानत, मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसे वाटून देत. वाचन संपल्यावर गटातील एक काकू म्हणाल्या की हे ऐकून आनंद होण्याऐवजी मनाला लागते. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) इंग्रजी मिस्सेला येणारे आणि मराठी मिस्सेला येणारे एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत, मराठी मिस्सेची वेळ सोयीची नाही, आणि मोठ्या सणांना वाचनासाठी आपल्या माणसांची आठवण कोणाला होत नाही. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि मला उत्तर सुचले नाही. आणखी एका आजींनी विचारले की वर्षभर पहिले वाचन जुन्या करारातून असते, मग नेमके याच काळात जुना करार कुठे जातो? जाणकारांनी कृपया दोन्हींविषयी लिहावे.

उत्तर १ – निवृत्त धर्मशिक्षक, कॅम्प

आजींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो वाटतो त्याहून खोल आहे. पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीच्या जागरण-विधीत जुन्या करारातील सात वाचने नेमलेली आहेत. वेळेअभावी त्यांतील काही वगळता येतात, पण तांबडा समुद्र पार केल्याचे, निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातील वाचन कधीही वगळता येत नाही. इतकी लांब शिदोरी घेऊनच आपण पन्नास दिवसांत पाऊल टाकतो. त्यानंतर पहिल्या वाचनाची जागा प्रेषितांची कृत्ये घेतात, परंतु ती उघडून पाहिली तर पेत्राच्या पेन्टेकॉस्टच्या भाषणात योएल संदेष्टा आहे, सोळावे स्तोत्र आहे, दावीद आहे. १९ एप्रिलला आपण ऐकलेल्या अम्माऊसच्या वाटेवरच्या प्रसंगातही उठलेला प्रभू मोशेपासून आरंभ करून सर्व संदेष्ट्यांचे लेखच उलगडून सांगतो. म्हणजे जुना करार कुठे गेलेला नाही, तो आता पुनरुत्थानाच्या साक्षीदारांच्या तोंडून ऐकू येतो. आजींना हे दाखवायचे असेल तर कृत्यांचा दुसरा अध्याय आणि सोळावे स्तोत्र शेजारी ठेवून वाचावे. त्यांना अर्ध्या तासात ते स्वतःच दिसेल.

या काळात कृत्ये वाचण्याची प्रथा फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झालेले संत योहान ख्रिसोस्तोम यांनी या ग्रंथावर प्रवचनमाला दिली, आणि पहिल्याच प्रवचनात त्यांनी खंत व्यक्त केली की असा ग्रंथ अस्तित्वात आहे हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नाही. संत ऑगस्टीन यांच्या उत्तर आफ्रिकेतही ईस्टरपासून हाच ग्रंथ वाचला जात असे. पन्नास दिवस हा एकच सण, एकच मोठा रविवार, ही समजूतही तितकीच प्राचीन आहे. सन ३२५ च्या निकेयाच्या परिषदेने आपल्या शेवटच्या, विसाव्या नियमात सांगितले की रविवारी आणि पेन्टेकॉस्टच्या दिवसांत प्रार्थना गुडघे टेकून नव्हे तर उभे राहून करावी. उठलेल्या प्रभूची माणसे उभी राहतात, इतका साधा अर्थ त्यामागे होता. पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये ही शिस्त सैल झाली, तरी पास्काची मोठी मेणबत्ती पेन्टेकॉस्टपर्यंत वेदीजवळ तेवत असते आणि दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेऐवजी ‘स्वर्गाच्या राणी, आनंद कर’ म्हटले जाते. जूनपर्यंत गट बंद ठेवणे म्हणजे सणाच्या मधेच मांडव उतरवणे होय, आणि यात मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

काकूंच्या दुःखाविषयी मी एवढेच म्हणेन की त्यांनी ऐकलेला उतारा हे चित्राचे एक पान आहे. तेच पुस्तक पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा यांची फसवणूक सांगते, आणि तो प्रसंग रविवारच्या वाचनांत येत नाही. पंधराव्या अध्यायाच्या अखेरीस पौल आणि बर्णबा यांच्यात योहान मार्कवरून इतका तीव्र वाद होतो की ते वेगवेगळ्या वाटा धरतात. आपल्या गटाने रविवारच्या तुकड्यांपुरते न थांबता पुस्तक सलग वाचावे असे मी सुचवतो. अठ्ठावीस अध्याय आहेत, आठवड्याला चार धरले तरी सात आठवड्यांत होतात. आता उशीर झाला असला तरी पहिले पंधरा अध्याय पेन्टेकॉस्टपूर्वी सहज होतील.

उत्तर २ – एक शिक्षिका, खडकी

धर्मशिक्षक सरांनी सांगितलेले सलग वाचन योग्यच आहे, परंतु काकूंचे उत्तर त्याही आधी येणार आहे, आणि ते रविवारच्याच वाचनात आहे. ३ मे रोजी, पाचव्या रविवारी, कृत्यांचा सहावा अध्याय वाचला जाईल. यरुशलेमच्या त्याच मंडळीत, जिच्याविषयी आपण १२ एप्रिलला ‘सर्व काही समाईक’ असे ऐकले, ग्रीक बोलणारे लोक तक्रार करतात की रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. म्हणजे ख्रिस्ती मंडळीतील पहिली नोंदवलेली अंतर्गत कुरकुर भाषेच्या रेषेवरची आहे, आणि तिचा बोजा सर्वांत दुबळ्यांवर, विधवांवर पडला होता. कृत्यांचा लेखक लूक याने ती झाकली नाही. ज्याने दुसऱ्या अध्यायातील सुंदर चित्र रंगवले त्यानेच, चार अध्यायांनंतर, हेही लिहिले. त्यामुळे पहिले चित्र खोटे ठरत नाही. एकजीव होऊ पाहणाऱ्या माणसांतही कोणीतरी वाटपातून सुटते, आणि तसे घडल्यावर काय करायचे हे तो दाखवतो.

आणि त्यांनी काय केले ते सावकाश वाचण्यासारखे आहे. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही, त्यांच्या श्रद्धेवर शंका घेतली नाही, आणि निर्णय बंद दाराआड घेतला नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले आणि सांगितले की तुमच्यातूनच चांगल्या लौकिकाची, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडा. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्म स्वीकारलेला परका माणूस. नावांवरून निश्चित निष्कर्ष काढू नये असे अभ्यासक सांगतात, कारण अनेक यहुदी माणसांची नावे ग्रीक असत (प्रेषितांतही एक फिलिप्प आहेच), तरीही सातही नावे तशीच असावीत हे मला अर्थपूर्ण वाटते. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले असावे.

पुढची गोष्ट मला अधिक हलवते. या सात जणांना पंगतीच्या सेवेसाठी नेमले, कारण प्रेषितांना वचनाच्या सेवेला वेळ हवा होता. परंतु सातवा अध्याय उघडला की पंगतीसाठी नेमलेला स्तेफन कृत्यांतील सर्वांत दीर्घ भाषण करतो आणि प्राण देतो, आणि आठव्यात फिलिप्प शोमरोनात सुवार्ता नेतो (हेच १० मेचे पहिले वाचन) व पुढे इथिओपियाच्या अधिकाऱ्याच्या रथात बसून यशया उलगडतो. ज्यांना फक्त वाढप्याचे काम मिळाले होते त्यांनी वचन यरुशलेमबाहेर नेले. आपल्या धर्मग्रामांत भाकरी थापणाऱ्या, मंडप घालणाऱ्या, फुले लावणाऱ्या मराठी माणसांना मी हे वारंवार वाचून दाखवते.

पुण्याच्या संदर्भात हा अध्याय दूरचा नाही. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले, ते पेशव्यांच्या सैन्यातील कॅथलिकांसाठी. नंतर छावणी आली, तिच्यासोबत आयरिश सैनिक आले, आणि आपल्या कॅथेड्रलला संत पॅट्रिक यांचे नाव मिळाले. तमिळ, गोवेकर, मल्याळी कुटुंबे नोकरीनिमित्त आली, आणि नगर जिल्ह्यातील मिशनच्या गावांतून मराठी माणसे आली. १८८६ मध्ये स्थापन झालेला पुणे धर्मप्रांत आरंभापासून अनेक भाषांचा आहे. मराठी माणूस त्यात पाहुणा नाही आणि यजमान म्हणून एकटाही नाही, हे आपण मनाशी स्पष्ट करून घेतले पाहिजे.

उत्तर ३ – नगर रस्त्यावरील एक धर्मविद्येचा विद्यार्थी

शिक्षिका ताईंचे विवेचन वाचून समाधान वाटले, तरी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. सहावा अध्याय हातात घेऊन थेट पॅरिश कौन्सिलकडे जाण्याचा मोह होईल, आणि तसे केले तर शास्त्र हे आपल्या मागणीचे निवेदन होऊन बसेल. त्या मंडळीत तक्रार ऐकली गेली याचे कारण रोज एकत्र भाकर मोडणारी माणसे ती ऐकत होती. आपण अजून त्यांच्यासोबत जेवलोच नसू, तर आपले म्हणणे कितीही न्याय्य असले तरी ते परक्याचे म्हणून ऐकले जाईल. या काळाच्या तिसऱ्या आठवड्यात रोजच्या मिस्सेत योहानाचा सहावा अध्याय, जीवनाच्या भाकरीचे प्रवचन, क्रमाने वाचले गेले, ते मला यासंदर्भात महत्त्वाचे वाटते.

गावी जाणाऱ्या कुटुंबांबद्दलही दोन शब्द. अम्माऊसच्या कथेतील दोघे यरुशलेम सोडून निघाले होते, त्यांची आशा मावळली होती, आणि प्रभू त्यांना वाटेतच गाठतो. त्यातील एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे लूक सांगत नाही. गट पुण्यातच जमला तर तो गट, अशी अट कशाला? आपली माणसे ज्या गावांकडे जातात तिथे मराठीत शास्त्र आणि धर्मविचार घरोघर पोहोचवण्याची परंपरा मोठी आहे. जेझुइट मिशनरी फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मासिक १९०३ मध्ये राहुरीजवळच्या केंदळ येथूनच सुरू केले, आणि पुढे तेच पुण्याचे बिशप झाले. सुट्टीत गावी असलेल्यांनी तिथल्या आजी-आजोबांसोबत तोच उतारा वाचावा आणि ते काय म्हणाले ते फोनवरून इथल्या गटाला कळवावे. पिढ्यान्‌पिढ्या विश्वास जपलेल्या त्या माणसांना आपण फार क्वचित विचारतो.

उत्तर ४ – शिक्षिका, खडकी

विद्यार्थी बंधूंच्या सावधगिरीचा मी आदर करते, परंतु ती पूर्णपणे स्वीकारू शकत नाही. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना आधी सहवास वाढवा आणि मग भुकेविषयी बोला, असे प्रेषितांनी सांगितले नाही. तक्रार आली तेव्हाच ती गंभीरपणे घेतली गेली, आणि लूक लिहितो की त्यानंतर देवाचे वचन वाढत गेले. ज्याच्याकडे दुर्लक्ष झाले त्याच्यावरच धीराची आणि जवळिकीची पहिली जबाबदारी टाकणे न्याय्य नव्हे. मात्र मागणी प्रार्थनेतून आणि सर्वांसमोर यावी, कुजबुजीतून नव्हे, एवढ्यावर आपले दोघांचे एकमत असावे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर – वडगाव शेरी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काकूंना मी सहावा अध्याय वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला आणि विचारले की त्या विधवांची नावे का दिली नाहीत. हा प्रश्न आम्ही ३ मेपूर्वीच्या बैठकीसाठी राखून ठेवला आहे. सलग वाचन सुरू करीत आहोत, आणि गावी गेलेल्या दोन कुटुंबांनी तिथून वाचण्याचे मान्य केले आहे. मिस्सेच्या वेळेविषयी आणि वाचकांविषयी एक साधे पत्र धर्मगुरूंना गटातील सर्वांच्या सहीने द्यायचे ठरले आहे. त्याचबरोबर इंग्रजी आणि तमिळ गटांतील कुटुंबांना आम्ही आमच्या घरी जेवायला बोलावणार आहोत, एका गोष्टीसाठी दुसरी थांबवणार नाही.

एक शेवटची विचारणा. पेन्टेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळच्या विस्तृत विधीत बाबेलच्या बुरुजाचे वाचन असते असे वाचले. ते घरगुती गटात घेता येईल का?

उत्तर ५ – निवृत्त धर्मशिक्षक, कॅम्प

अवश्य घ्यावे. २३ मेच्या संध्याकाळी उत्पत्तीचा अकरावा अध्याय, यहेज्केलातील वाळलेल्या हाडांचे दर्शन आणि योएलाचे भाकीत वाचावे, आणि नंतर कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ. आजींचा जुना करार त्या रात्री पुन्हा पहिल्या वाचनाच्या जागी येतो, हे त्यांना मुद्दाम सांगावे. बाबेलात भाषा वेगळ्या झाल्या आणि माणसे पांगली; पेन्टेकॉस्टला भाषा वेगळ्याच राहिल्या, पार्थी, मेदी, एलामी आपापल्याच बोलीत ऐकत होते, आणि तरी समुदाय एकत्र आला. आपल्या जेवणाला येणाऱ्या तमिळ आणि इंग्रजी भाषिक कुटुंबांना तोच उतारा त्यांच्या बायबलमधून वाचण्याची विनंती करा. त्यासाठी त्यांना आठवडाभर आधी अध्याय आणि ओव्या कळवाव्यात: दुसरा अध्याय, एक ते अकरा.