मदत हवी आहे: वेगवेगळ्या काळातले एमएमए स्ट्रायकर एका यादीत कसे बसवायचे?

मंडळी, जरा डोकं लावा माझ्याबरोबर.

कोल्हापुरात एका किकबॉक्सिंग क्लासला जातो मी, फाईटबिट मारायचं वय गेलं, आता नुसता घाम काढायला. शनिवारी स्पारिंग झालं की सर भिंतीवर प्रोजेक्टर मारून जुन्या फायटी दाखवतात, या खेपेला ते काम माझ्या गळ्यात आलंय. दोन तास, फार तर सहा फायटी, विषय एमएमएमधले, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळातले, ग्रेट स्ट्रायकर, उभ्याने ठोसे-लाथा मारणारे. बॅच सगळी सतरा-अठराची, त्यांचं जग अलीकडच्या परेरा नावाच्या फायटरपासून सुरू होतं. अँडरसन सिल्व्हाचं नाव काढलं तर एकजण म्हणतो, "तो पाय मोडलेला?" तोच रे बाबा, पण त्याआधी सात वर्षं त्याने काय केलं ते कोण सांगणार.

आधी वाटलं सोप्पंय, नॉकआउट मोजायचे, बेल्ट किती वर्षं होता बघायचं, झाली यादी. त्या हिशेबाने सिल्व्हाच वर येतो, ऑक्टोबर २००६ ते जुलै २०१३ मिडलवेटचा बेल्ट त्याच्याकडे, यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या मोठ्या अमेरिकन संस्थेत, सलग १६ विजय. २००९ ची ग्रिफिनबरोबरची फाईट तर मी पन्नास वेळा बघितली असेल. हात खाली सोडलेले, ग्रिफिन ठोसे मारतोय आणि हा नुसता कमरेतून इकडे तिकडे झुकतोय, एकही लागत नाही, मग मागे सरकता सरकता एक जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकतो, जॅब तरी कसला, दार उघडं आहे का बघायला हात लावावा तसा, आणि वरच्या वजनाचा माजी चॅम्पियन आडवा. पडल्या पडल्या हात हलवून सांगतोय, बास.

पण मग २०१० ची सॉनेनची फाईट आठवली. सॉनेन कुस्तीवाला, चार राऊंड सिल्व्हाला खाली घालून बडवलं, पाचव्यात सिल्व्हाने पायांचा फास टाकून कशीबशी सोडवली. ज्याला भारी स्ट्रायकर म्हणून दाखवायचं तोच वीसेक मिनिटं पाठीवर! आणि आमच्याकडची अर्धी पोरं तालमीतून आलेली, ती पहिल्यांदा हेच विचारणार, काका, पट काढला की किक कुठली?

दुसरा घोळ क्रोएशियाच्या क्रोकॉपचा. मी त्याचा भक्त, आधीच सांगून टाकतो. उजवी लाथ खाल्लीस तर हॉस्पिटल, डावी खाल्लीस तर स्मशान, असला माणूस. २००६ ला जपानात प्राइड या तिथल्या एमएमए संस्थेच्या ओपनवेट (वजनाची अट नसलेल्या) ग्रां प्रीमध्ये एकाच दिवशी वांडरले सिल्व्हा आणि जॉश बार्नेट दोघांना संपवलं. पण प्राइडचे नियमच वेगळे, दोरांची रिंग, पहिला राऊंड १० मिनिटांचा, खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ चालायची पण कोपर चालायचं नाही. यूएफसीत नेमकं उलट आणि दोरांऐवजी जाळी. एप्रिल २००७, मँचेस्टर, गोंझागाने त्याला खाली घेऊन कोपरांनी कुटला, रेफरीने उभं केलं आणि त्या जुजित्सूवाल्याने क्रोकॉपला हाय किकनेच झोपवलं. आता याला नियमांचा बळी म्हणू की मुळात तेवढाच होता म्हणू? भक्ताच्या मताला काडीची किंमत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

आणि नुसता आकडा घ्यायचा म्हटलं तर अलीकडचा फायटर होलोवे. जानेवारी २०२१ ला अबू धाबीत कॅटरला ४४५ मोठे फटके एका फाईटमध्ये, वर मध्येच कॉमेंट्रीवाल्यांकडे बघून गप्पा. जुन्या काळात कुणी इतके मारलेच नाहीत, पण मग जुने सगळे बाद का?

तर मदत एवढीच, काळाचा फरक कसा धरायचा आणि सहा फायटी कुठल्या. कृपया 'यूट्यूबवर बघ' सांगू नका, तिकडूनच वेडा होऊन आलोय.

---

प्रतिसाद १: यादीचा नंबर-नंबर खेळच सोडा. पोरांनी प्रश्न विचारलाय ना, पट काढला तर काय? मग तोच धागा धरा. सुरुवात जुलै १९९७ च्या मॉरिस स्मिथ विरुद्ध मार्क कोलमनने करा. कोलमन म्हणजे तेव्हाचा राक्षस, खाली घेतलं की विषय संपला. स्मिथ किकबॉक्सर, खाली गेला पण घाबरला नाही, पाठीवर पडून मार चुकवत राहिला, कोलमनचा दम गेल्यावर उठला आणि पायांवर लाथा. २१ मिनिटं चालली, निर्णय स्मिथकडे. फाईट दिसायला भिकार आहे हे आधीच सांगून ठेवा, पण तालमीतल्या पोरांना दम जाणं म्हणजे काय ते बरोबर कळेल. त्यानंतर यूएफसीचा जुना चॅम्पियन चक लिडेल दाखवा, पट येतोय दिसलं की कंबर मागे टाकून वरून दाबणारा आणि उठून उजवा मारणारा. मग सिल्व्हा.

आणि गोंझागाच्या बाबतीत भक्त म्हणून उगाच रडू नका. ऑगस्ट २००५ ला प्राइडचा तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन फेडोर याने प्राइडच्याच नियमात क्रोकॉपला हरवलं होतं, नुसता पुढे पुढे चालत येऊन. क्रोकॉपला लाथेला जागा लागायची, ती दिलीच नाही.

---

प्रतिसाद २: पुरुषच पुरुष? मार्च २०२० ची झांग वेली विरुद्ध योआना घ्या की राव. पाच राऊंड, स्प्लिट निर्णय (तीनपैकी दोन पंच) झांगकडे, शेवटी योआनाचं कपाळ सुजून दुसऱ्याच माणसासारखं दिसत होतं. शिवाय अल्डो-फेबर २०१०, मांडीवर लाथा खाऊन फेबरचा पाय इतका सुजला की शेवटी उभं राहता येईना. आताची पोरं पोटरीवर मारतात, तो फरक तिथेच दाखवा.

---

धागाकर्ता: दोघांचे आभार. फेडोरचं खरंय, दुखलं पण खरंय, ती फाईट मी सोयीस्करपणे विसरलो होतो. आता असं ठरतंय: स्मिथ-कोलमन, फेडोर-क्रोकॉप, सिल्व्हा-सॉनेन, अल्डो-फेबर, झांग-योआना, आणि शेवटी एप्रिल २०२३ ची मायामीतली अदेसान्या-परेरा. किकबॉक्सिंगमध्ये परेराकडून दोनदा, एमएमएत एकदा हरलेला अदेसान्या जाळीला पाठ लावून उभा, परेरा संपवायला आत घुसतो आणि वरून उजवा येतो. पोरांचा देव पडताना बघून जरा शांत होतील. ग्रिफिन चहाच्या सुट्टीत लावतो, तीनेक मिनिटांचाच मामला. होलोवे राहिला, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर सगळ्यांकडे आहेतच.

एक विचारायचं राहिलं, सॉनेनचे पहिले चार राऊंड पळवले तर चालेल ना? वेळ पुरत नाहीये.

---

प्रतिसाद १: अजिबात पळवू नका. त्यासाठीच तर लावताय ती. पळवायचंच असेल तर स्मिथ-कोलमनची मधली दहा मिनिटं पळवा.