रात्रीचं बीपी आणि नाईट शिफ्ट

वर एकांनी लिहिलंय की गोळी घेतल्यावर सकाळी एकदा बीपी मोजलं, नॉर्मल आलं की झालं, चोवीस तासांचं मशीन (दंडाला पट्टा बांधून दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने बीपी मोजणारं) कशाला. अर्धंच पटलं. गोळीचा जोर असताना आकडा चांगला येणारच हो, खरा प्रश्न पुढच्या गोळीच्या आधीच्या तासांचा आणि झोपेचा आहे. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं, सरासरी १२०/७० च्या खाली, ते घरच्या साध्या मशीनवर कसं कळणार?

पण शिफ्टवाल्यांचं इथे कोणी बोललंच नाही. आमचे काका सातपूरला कंपनीत नाईट करायचे, त्यांना पट्टा बांधला तर मशीनने घड्याळातली रात्र हीच झोप धरली आणि काका तेव्हा कामावर उभे, मग रिपोर्टात आलं की रात्री बीपी उतरतच नाही, गोळी वाढणारच होती. डॉक्टरांनी झोपायच्या वेळा विचारून रिपोर्ट परत काढला तेव्हा दिवसाच्या झोपेत व्यवस्थित उतरलेलं दिसलं. म्हणून झोपेच्या आणि गोळीच्या वेळा कागदावर लिहून द्या, आणि पट्टा फुगला की हात स्थिर ठेवा, बोलू नका (झोपेतही अर्ध्या तासाने फुगतो, शेजारचं माणूस पण जागं होतं ते वेगळंच).