पश्चिमेच्या उन्हातील वाफ्यासाठी बारमाही रंगीत पानांची झुडपे

मालवा_अंगण

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घरासमोर कुंपणभिंतीला लागून सुमारे २५ फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा आहे. तो पश्चिमेला उघडा असल्यामुळे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत त्यावर थेट ऊन असते. हिवाळ्यात शेवंती, पिटुनिया आणि झेंडूने तो भरून जातो. परंतु मार्च सरला की सारे वाळते आणि पाऊस येईपर्यंत भेगाळलेली काळी माती तेवढी दिसत राहते. म्हणून पानांच्या रंगानेच वर्षभर शोभा देतील अशी सदाहरित झुडपे लावावीत, असा विचार आहे. नर्सरीत क्रोटन सुचवले गेले. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, एरवी बोअरिंगच्या जड पाण्यावर भागवावे लागते. घरात लहान नातू आहे, हेही लक्षात घेऊन कोणती झुडपे निवडावीत आणि त्यांची मांडणी कशी करावी, हे कृपया सांगावे.

पानफूल

नमस्कार. क्रोटन या जागी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते दमट बेटांच्या प्रदेशातले झाड आहे. त्याच्या पानांना रंग चढण्यासाठी भरपूर उजेड लागतो हे खरे. पण एप्रिल-मेमधील ४० अंशांवरची कोरडी दुपार आणि तापलेल्या भिंतीची धग एकत्र आली की पानांच्या कडा करपतात, आणि जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांखाली गेले की पाने गळू लागतात. सकाळचे कोवळे ऊन येणाऱ्या पूर्वेच्या बाजूला हेच क्रोटन अतिशय देखणे दिसेल.

आपल्या वाफ्यासाठी मी सोनेरी ड्युरांटा, तांबूस पानांचा अकॅलिफा आणि हमेलिया ही तीन झुडपे निवडेन. ड्युरांटाचा पिवळा रंग उन्हातच खुलतो, सावलीत तो हिरवा पडतो. त्यामुळे इतरांना नकोसे वाटणारे पश्चिमेचे ऊन त्याला मानवते. हमेलियाची नळीसारखी केशरी फुले वर्षातील बराच काळ येत राहतात आणि त्यांवर शिंजीर पक्षी हमखास येतात.

मात्र निम्मा वाफा तरी साध्या हिरव्या पानांचा असू द्यावा, असा माझा आग्रह आहे. सोनेरी आणि तांबडा रंग लागोपाठ आले की नजर कोठेच ठरत नाही. त्यांच्यामध्ये मधुकामिनीचा गडद हिरवा आला की दोन्ही उठून दिसतात. प्रत्येक जातीचे एकेक रोप लावण्याऐवजी एकाच जातीची तीन-तीन रोपे जवळ लावावीत. भिंतीलगत मधुकामिनी आणि अकॅलिफा तीन-तीन फुटांवर लावावेत, आणि पुढे कमी उंचीची झुडपे ठेवावीत. अकॅलिफा माणसाच्या उंचीपर्यंत सहज वाढतो, हे रोप लहान असताना लक्षात येत नाही.

काळी_माती

पानफूल यांच्या निवडीशी मी सहमत आहे. परंतु त्याआधी मातीकडे पाहावे लागेल. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तेव्हा बारीक मुळे तुटतात. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ९ इंच उंच करून मातीत जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. लागवड पहिला दमदार पाऊस झाल्यावर करावी, आणि उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे.

एक्झोरा हे फुलझुडूप कोणी सुचवले तर सावध राहावे. जड (क्षारयुक्त) पाणी आणि चुनखडीयुक्त माती यांमुळे त्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी लोह चिलेट, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात रसायनाने बांधून ठेवलेले लोह देतात; अशा मातीत त्याच्या ईडीटीए प्रकारापेक्षा ईडीडीएचए प्रकार उपयोगी पडतो. चंदेरी पानांचा ल्युकोफायलम मूळचा टेक्सास आणि मेक्सिकोच्या कोरड्या भागातला असल्याने ऊन आणि अशी माती दोन्ही सोसतो. मात्र श्रावणात मुळांशी पाणी साचले तर तो जगत नाही.

कात्री_आणि_खुरपे

छाटणीविषयी थोडे लिहितो. रंग नव्या पालवीवरच सर्वांत चांगला असतो, म्हणून ही झुडपे नियमित छाटावी लागतात. मोठी छाटणी पावसाळ्याच्या आरंभी करावी; मे महिन्यात केली तर उघड्या पडलेल्या फांद्या भाजतात. पांढऱ्या कडांच्या जातींमध्ये एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाल्यास ती उगमापासून काढून टाकावी, कारण तिच्यात हरितद्रव्य अधिक असल्याने ती जोमाने वाढून बाकीच्या झुडपाला झाकून टाकते. कोरड्या उन्हाळ्यात अकॅलिफाच्या पानांमागे लाल कोळी (पानांतील रस शोषणारी बारीक कीड) लागतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारल्यास तो बराच आटोक्यात राहतो.

मालवा_अंगण

सर्वांचे मनापासून आभार. ड्युरांटाची पिवळी फळे विषारी असतात, असे ऐकले आहे. नातवाच्या दृष्टीने त्याऐवजी सोनेरी फायकस लावावा का?

पानफूल

आपण ऐकले ते खरे आहे. फळे खाल्ल्यास मुलांना त्रास होतो. नियमित कातरलेल्या ड्युरांटाला फुले जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे फळेही धरत नाहीत. तरीही मूल लहान असेपर्यंत तो लावूच नये. सोनेरी फायकस मात्र भिंतीजवळ मुळीच नको, कारण ते मुळात झाड आहे आणि त्याची मुळे काही वर्षांत भिंतीच्या पायात शिरतात. कण्हेरही टाळावी, तिचे सर्व भाग विषारी असतात. पुढच्या ओळीत बुटकी हमेलिया आणि तिच्या कडेने तांबड्या पानांची अल्टरनँथेरा लावावी. अल्टरनँथेरा वीतभर उंचीवर सहज राखता येते, आणि फाटे कलमाने (फांदीचे तुकडे मातीत लावून) पावसाळ्यात थोड्याच रोपांपासून पूर्ण कड भरून निघते. सोनेरी रंगाची जागा तूर्त मोकळी ठेवून तेथे हिवाळ्यात आपली शेवंतीच लावत राहावी.