होंडा की खन्ना? दोघेही डेमोक्रॅट, मत कुणाला?

सनीवेलकर (ऑक्टोबर २०१६)

मतपत्रिका टपालाने येऊन आठवडा झाला. कॅलिफोर्निया राज्याचे १७ प्रस्ताव वाचून संपवले, अध्यक्षपदाचं तर ठरलेलंच होतं. गाडी अडली आहे ती अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, १७व्या मतदारसंघापाशी. सध्याचे खासदार माइक होंडा आणि त्यांना आव्हान देणारे रो खन्ना, दोघांच्याही नावाखाली 'डेमोक्रॅटिक'.

इथे नवीन असलेल्यांसाठी: कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१० मध्ये प्रस्ताव १४ मंजूर केला. तेव्हापासून जूनच्या फेरीत सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात लढतात, मग पक्ष कुठलाही असो. आपल्याकडे एबी फॉर्म ज्याच्या हातात तो अधिकृत, दुसरा बंडखोर. इथे एबी फॉर्मच नाही.

२०१४ ला मी होंडांना मत दिलं. या वेळी खन्नांना देणार आहे. आरोग्यविमा, गर्भपात, हवामान, यांवर दोघांची मतं जवळपास सारखीच पडतील. मग बघायचं काय? वागणूक. होंडांकडून सरकारी कर्मचारी आणि साधनं प्रचारासाठी वापरली गेली असं मानायला सबळ कारण आहे, असं काँग्रेसच्या नीतिविषयक चौकशी कार्यालयाने २०१५ मध्ये म्हटलं. जिथे विरोधी पक्ष निवडून यायची शक्यताच नाही, तिथे खासदाराला जाब विचारायची जागा ही एवढीच. खन्ना राजकीय कृती समित्यांचे (उमेदवारांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या गटांचे) पैसे घेत नाहीत, हेही मला मोलाचं वाटतं. ते भारतीय वंशाचे आहेत म्हणून मी हे लिहीत नाही.

मोगरा

अजिबात पटलं नाही. सप्टेंबर २००१ मध्ये मी फ्रीमाँटमध्येच होते. ११ तारखेच्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनात बलबीरसिंग सोढींना गोळ्या घातल्या, का तर डोक्यावर पगडी. आमच्या शेजारची सरदारीण मुलांना शाळेत पाठवायला घाबरायची. काँग्रेसमध्ये पहिलंच वर्ष असलेले होंडा तेव्हा शीख आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या बाजूने उघड बोलले. त्यांना ठाऊक होतं ना! दुसऱ्या महायुद्धात तान्हे असताना, जपानी वंशाचे म्हणून, घरच्यांसकट कोलोरॅडोच्या अमाचे छावणीत कोंडलं होतं त्यांना. जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं अशी डांबली होती. आज अध्यक्षपदाचा एक उमेदवार मुस्लिमांना देशात घेऊ नका म्हणतोय. अशा वेळी ज्याने हे अंगावर झेललंय तो माणूस मला सभागृहात हवा.

आणि वागणूकच बघायची तर दोघांचीही बघा. होंडांच्या देणगीदारांची माहिती परस्पर पाहिल्याचा आरोप झाला आणि गेल्याच महिन्यात खन्नांच्या प्रचारप्रमुखाने राजीनामा दिला.

सनीवेलकर

ताई, सोढींचं मीही विसरलेलो नाही. पण होंडा आठ वेळा निवडून आले. त्या ऋणापोटी नवव्यांदाही मत द्यायचं का? प्रचारप्रमुखाचं प्रकरण वाईटच आहे, ते मी नाकारत नाही. पण तो माणूस गेला. चौकशी खुद्द खासदाराची चालू आहे.

मोगरा

ऋण कसलं, कामाचं बोलते. होंडा सरकारी खर्च ठरवणाऱ्या विनियोग समितीवर आहेत. बार्ट ही आपली लोकल रेल्वे सॅन होजेतल्या बेरिएसापर्यंत येतेय, त्यात केंद्राचे ९० कोटी डॉलर आहेत. अशा कामांना त्या समितीत आपला माणूस असणं किती उपयोगाचं! नवा सदस्य तिथे पोचेपर्यंत किती वर्षं जातील?

सरळरेष

मी नोंदणीकृत रिपब्लिकन. तुमच्या या भांडणात माझ्यासाठी काहीच नाही. सिनेटलाही तीच गत, कमला हॅरिस आणि लोरेटा सांचेझ, दोघी डेमोक्रॅट. दोन्ही ओळी कोऱ्या सोडणार. आणि ही पद्धत तुमच्यावरही उलटते. २०१२ मध्ये सॅन बर्नार्डिनोकडच्या ३१व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅटांमध्ये मतं फुटली आणि नोव्हेंबरात उरले दोन रिपब्लिकन. त्याच मतदारसंघात ओबामा जिंकले होते. लोकांना हवा तो पक्ष मतपत्रिकेवरच नाही, याला निवड म्हणायचं?

सनीवेलकर

३१व्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे पद्धत फसली. पण ओळ कोरी सोडू नका. २०१४ ला होंडा पाच हजारांहून कमी मतांनी जिंकले. जूनमध्ये खन्ना दोनेक टक्क्यांनीच पुढे होते. दोन डेमोक्रॅट भिडतात तेव्हा निकाल तुमच्यासारख्यांच्या हातात असतो. जुन्या पद्धतीत हा फैसला डेमोक्रॅटांच्या प्राथमिक फेरीतच झाला असता आणि तुमचं मत कुणी मागितलंही नसतं.

रांगेतला

मला मत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. दरवर्षी कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, त्यामुळे आपली रांग हलतच नाही. तरी एक बोलतो. 'भारतीय म्हणून नाही' हे एवढं बजावून का सांगावं लागतं? दिलीपसिंग सौंद १९५७ मध्ये काँग्रेसमध्ये गेले. त्यानंतर आजवर आपल्यातले मोजून दोन, बॉबी जिंदाल आणि अमी बेरा. खन्नांचे आजोबा अमरनाथ विद्यालंकार लाला लजपतराय यांच्याबरोबर काम केलेले स्वातंत्र्यसैनिक. असा माणूस निवडून आला तर मला आनंद होईल, आणि तो मी लपवणार नाही.

मोगरा

आनंद जरूर व्हावा, मलाही होईल. पण कुटुंबांची ताटातूट थांबावी म्हणून स्थलांतराचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं ते होंडांनी, आणि त्यांचं आडनाव आपल्यातलं नाही. रांगेत तुम्ही उभे आहात, म्हणून तुम्हालाच सांगते.

सरळरेष

सिनेटची ओळ कोरीच राहील. १७व्याचं मात्र करतो विचार. शनिवारी दोघांची पत्रकं घेऊन बसतो. होंडांच्या चौकशीचा मूळ अहवाल कुणाकडे असेल तर इथे टाका, जाहिरातीतली वाक्यं नकोत.