दोर आणि जाळ्यांपासून छोटी शिडाची बोट कशी वाचवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी 24 फुटी शिडाची बोट आहे, फिन कील (तळाला माशाच्या परासारखा उभा वजनदार पंख), सुकाणू मोकळं म्हणजे त्याच्यापुढे आधाराला काही नाही, आणि आत छोटं डिझेल इंजिन. बहुतेक वेळा बोटीवर आम्ही दोघंच. प्रश्न आहे खेकड्या-शेवंडांच्या पिंजऱ्यांना बांधलेल्या दोरांचा आणि जाळ्यांचा.

मागच्या सीझनला असा एक दोर अडकला. वारा मागून, दोन्ही शिडं भरलेली, छान चाललो होतो आणि एकदम बोट जागच्या जागी थांबली, सुकाणू हलेना. वाकून बघितलं तर एक हिरवट दोर सुकाणूचं पातं आणि बोटीचा तळ यांच्यामधल्या बोटभर फटीत शिरून बसलेला आणि ताणाने थरथरत होता. पिंजऱ्याची खूण म्हणून तरंगणारा बोया दिसलाच नव्हता कारण प्रवाहाने तो पाण्याखाली ओढला गेला होता. तेव्हा सुटलो, पण ओहोटीचा जोर कमी झाला म्हणून.

लोक म्हणतात इंजिनाच्या पंख्यात दोर गुंडाळतो, इंजिन बंद पडतं, एवढंच ना. मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. नांगर टाकला की बोटीचं नाक लाटेकडे वळतं, इथे बोट मागून बांधली जाते, मागची बाजू बुटकी, लाट सरळ कॉकपिटमध्ये (आपण बसतो त्या मागच्या उघड्या जागेत), आणि शिडं भरलेली असल्यामुळे ती पुढे ओढतच राहते.

आता रात्रीचा प्रवास करायचा आहे. दिवे माहीत आहेत, ट्रॉलरवर (जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटीवर) वर हिरवा खाली पांढरा, बाकी मासेमारी करणाऱ्यांवर वर लाल खाली पांढरा, आणि जाळं 150 मीटरच्या पुढे पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. त्यांना वाट आपणच द्यायची हेही समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या नियम 18 मध्ये स्पष्ट आहे. पण मासेमारीची बोट निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बोयाचं काय? बऱ्याचदा तो म्हणजे एखादा काळा प्लास्टिकचा कॅन, दिवा नाही, झेंडा नाही. आणि तुटून वाहत येणारी बेवारस जाळी तर कुठेही भेटतात, मार्पोल या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने 1988 पासून जाळी समुद्रात टाकायला बंदी आहे तरीही.

तर रात्री कसं टाळायचं, पंख्याला रोप कटर (दोर कापणारं पातं) लावावा का, आणि अडकल्यावर पाण्यात न उतरता कसं सुटायचं? उतरायला माझा ठाम विरोध आहे, लाटेत वरखाली होणारा तळ डोक्यात बसतो. शिवाय दोर कापला तर कुणाचे तरी पिंजरे कायमचे जातात, ते मनाला पटत नाही.

प्रतिसाद

कटर जरूर लावा पण तो शाफ्ट (पंख्याचा दांडा) फिरत असेल तरच कापतो, शिडावर चालताना नाही, आणि सुकाणूला त्याचा काही उपयोग नाही. बोया दिसला की प्रवाह जिकडे वाहतोय त्या बाजूने जा, दोर प्रवाह जिकडून येतो त्या अंगाला असतो. दोन बोयांच्या मधून कधीच नको, मध्ये तरंगता दोर असू शकतो. दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा, ते प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, आणि दोराची लांबी भरतीच्या हिशोबाने ठेवलेली, म्हणून पूर्ण ओहोटीला पाणी थांबलं की जादाचा दोर वर वेटोळी घालून पडलेला असतो. इंजिनवर असाल तर शंका आली की लगेच न्यूट्रल. रात्री किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा आणि बंदराची तोंडं सोडून बाहेरून जा, पिंजरे जास्त करून तिथेच.

प्रतिसाद

अडकलात तर आधी शिडं उतरवा, बाकी सगळं नंतर. मग बोटहुकने (आकडा लावलेल्या काठीने) अडकलेला दोर वर ओढा, त्याला आपला एक मजबूत दोर गाठ मारून पक्का करा, तो सगळ्याच्या बाहेरून पुढे नेऊन नाळेवर, म्हणजे बोटीच्या नाकावर बांधा. त्यानंतरच सुकाणूपाशी दोर कापा. बोट आपोआप फिरून नाक लाटेकडे करते, नांगरावर असल्यासारखी. मग निवांत कापलेली टोकं परत जोडून सोडून द्या, पिंजरेही वाचतात. कापायला करवती दातांची सुरी लांब काठीला घट्ट बांधून आधीच तयार ठेवा, आणि कापताना ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नका, तो सटकन येतो.

धागाकर्ता

खूप आभार, नाळेवर दोर नेण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका, वारा मागून असताना मोठं शीड डोलकाठीच्या बाजूच्या तारांना चिकटतं, ते खाली येणार कसं?

प्रतिसाद

पुढचं शीड आधी गुंडाळा. मग मोठ्या शिडाचा शीट (शीड आत-बाहेर करायचा दोर) ओढून बूम (शिडाखालचा आडवा दांडा) मधोमध आणा, शीड तारांपासून सुटतं आणि वारा दोन्ही बाजूंनी निसटतो. हालयार्ड (शीड वर चढवायचा दोर) सोडा आणि शीड पुढच्या कडेला धरून हाताने खाली खेचा, एकाने खेचायचं, दुसऱ्याने शीट धरून ठेवायचा. दोघांनी लाइफजॅकेट आणि हार्नेस घालूनच.