'पाव' : लादीतला, शेरातला आणि नवसाचा. मूळ एकच का?

फळाखडू :
२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या पुण्यातल्या शाळेत एका छोट्या शब्दाचा तक्ता लावायचा आहे. शब्द ठरलाय 'पाव'. खायचा पाव, पाव किलोतला पाव आणि 'देवा, पाव रे' मधला, हे तिन्ही एकाच मुळाचे का? शिक्षकांत दोन मतं आहेत: पीठ पायांनी तुडवायचे म्हणून पाव, किंवा लादीचे चार तुकडे पडतात म्हणून पाव. कोणतं लिहू?

शब्दखाऊ :
दोन्ही नको. हे तीन निरनिराळे शब्द आहेत, लिहायला तेवढे सारखे.

खायचा पाव पोर्तुगीजांचा. त्यांचा उच्चार साधारण 'पांव', नाकातून. मूळ लॅटिन 'पानिस', म्हणून स्पॅनिशमध्ये 'पान' आणि इटालियनमध्ये 'पाने'. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५४३ मध्ये ते जपानला पोचले. सिंहलीत आणि जपानीत आजही पावाला 'पान'च म्हणतात. पाय तुडवण्यावरून शब्द आला असता तर तो जपानात कसा गेला असता? गोव्यातला 'पोदेर', म्हणजे पाववाला, हाही पोर्तुगीज 'पादेइरो'चाच. हिंदी 'पावरोटी' आणि बंगाली 'पाउरुटी' यांत मात्र एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. (वडापावातला बटाटाही पोर्तुगीज. आपला उरला तो बेसनाचा घोळ.)

पेठ_तीस :
गंमत अशी की पाय आहे, पण दुसऱ्या पावात. संस्कृत 'पाद' म्हणजे पाऊल आणि चौथा हिस्सासुद्धा, कारण जनावराला पाय चार. प्राकृतात मधला 'द' गळून 'पाअ' राहिला. दोन स्वरांमधली फट कुठे 'य'ने भरली, कुठे 'व'ने: एकाचा झाला पाय, दुसऱ्याचा पाव. हिंदीत पायाला 'पाँव' म्हणतात, ते याच घरातलं. फारसी 'पा', लॅटिन 'पेस', ग्रीक 'पूस', इंग्रजी 'फूट' ही सगळी चुलत भावंडं. पायजमा फारसीतून आला, तरी त्यातला 'पाय' आपल्या पायाचा नातेवाईकच.

'पादोन', म्हणजे पाव कमी, याचं झालं पाऊण. 'सपाद'चं सव्वा. इथे मुलं हमखास चुकतात: एकट्या पाऊण भागाला 'पाऊण'च म्हणायचं, 'पावणेएक' नाही. 'पावणे' सुरू होतं दोनपासून. पावणेदोन म्हणजे १.७५, पावणेदोनशे म्हणजे १७५, पण ७५ म्हणजे पाऊणशे. पावलीही टाका, रुपयाचा पाव हिस्सा, चार आणे. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, त्यामुळे हा शब्द आजी-आजोबांकडूनच ऐकायला मिळेल.

आणि कृपा करून 'पावशेर = पाव किलो' असं लिहू नका. ८० तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅम. जुन्या पाककृतीतला पावशेर रवा २५० ग्रॅम धरला की साखर-तुपाचं गणित थोडं हलतं. निम्मा पावशेर म्हणजे नवटाक. त्याचा दुसरा, दारूचा अर्थ चौथीच्या फळ्यावर नको!

प्राकृतवेडा :
तिसरा राहिला. 'प्र + आप्', मिळणे, पोचणे. प्राकृतात 'पावइ'. सुरुवातीच्या 'प्र'चा 'प' झाला आणि मधल्या 'प'चा 'व', जसा दीपचा दिवा, तापचा ताव. म्हणून माल पावला की पावती, नवसाला देव पावतो आणि माणूस मरण पावतो. तिन्हीकडे अर्थ पोचण्या-मिळण्याचाच.

तक्त्यात घुसतील असे तीन भामटे आधीच हाकला. पाऊस 'प्रावृष्'वरून, गावाकडचा 'पावणा' म्हणजे पाहुणा 'प्राघुण'वरून, आणि 'पावन' हे 'पू' म्हणजे शुद्ध करणे या धातूवरून. यांतला एकही वरच्या तिघांपैकी कुणाचा लागत नाही.

फळाखडू :
आभार. मग चिनी 'बाओ'? तोही वाफवलेला पावच दिसतो. तो लॅटिनकडे लावू का?

शब्दखाऊ :
नको. 'बाओ'चा अर्थ गुंडाळणे, पुडकं. चिनीत ब्रेडला 'म्येन-बाओ', पिठाचं पुडकं, म्हणतात. आवाज सारखा म्हणून नातं जोडायचं नाही, आधीचं रूप शोधायचं. तुमच्या पाय तुडवण्याच्या कथेतही नेमकं तेच झालंय. उलट जिथे आवाज अजिबात जुळत नाही तिथे नातं निघतं: 'कंपनी' हा लॅटिन 'कोम' आणि 'पानिस' यांचा, एकत्र बसून पाव खाणारे. तक्त्यात कोपरा उरला तर तिथे हे लिहा, मुलांना आवडेल.

पेठ_तीस :
आणि वर मथळ्याला ओळ द्या: 'पाव किलो पाव दिला तर देव पावेल का?' तीन पाव, तीन रंगांचे खडू.